अपुरी यादी

“...आणि गाव सगळं आपल्या बाजूला आहे. मग अडचण कुठं येते, मास्तर?”

आमचा सरपंच भालचंद्र मोकल पायातल्या चपला काढता काढताच हे विचारत होता. शाळेत असतानाही बाकावर टेकायच्या आत उत्तर देऊन मोकळा व्हायचा. मी त्याच्याच वर्गात होतो. तेव्हा मला त्याचा हेवा वाटे, आता सवय झाली आहे.

एलोजी मास्तर पडवीत खुर्चीवर बसले होते. वय चौऱ्याऐंशी. नांदखारच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं इतिहास शिकवला. गावात एकेकाळी ज्यूंची अकरा घरं होती. दहा इस्रायलला गेली, मास्तर राहिले. त्यांच्या वाडवडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवार हा ज्यूंचा विसाव्याचा पवित्र वार, त्या दिवशी तो फिरत नसे, म्हणून सगळा मुलूख त्यांना शनवार तेली म्हणायचा.

मी काशीनाथ, ग्रामपंचायतीचा शिपाई. ठरावांचं प्रोसिडिंग बुक माझ्या बगलेत होतं आणि पेन खिशाला.

“बस,” मास्तर म्हणाले. “पोरगी कशी आहे?”

भालचंद्राचा चेहरा उतरला. “सलाईन चालूच आहे. डोळे उघडते, परत मिटते.”

“पोटात काही ठरतंय?”

“सकाळी पेज दिली. ओकली.”

मास्तरांनी मान हलवली.

झालं होतं असं. बुधवारी गावातल्या तीन पोरांना उलट्या-जुलाब सुरू झाले. त्यातली एक सरपंचाची. गुरुवारी कुणीतरी म्हणालं, टाकीच्या पाण्यात काहीतरी घातलंय. शुक्रवारी सकाळी त्या घालणाऱ्याला नाव मिळालं, हुसेन मुकादम. हा ग्रामपंचायतीचा पाणीवाला. बावीस वर्षं टाकीचा व्हॉल्व तोच उघडतो आणि तोच बंद करतो. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत एकटा हुसेन पुरेना, म्हणून मोहल्ल्यातली सातही मुसलमान घरं त्यात आली. आमच्या गावात स्मशानाच्या रस्त्याचं काम नऊ वर्षं अडलंय. हे तीन दिवसांत झालं.

“वाच रे,” भालचंद्र मला म्हणाला.

मी वाचलं. “हुसेन मुकादम यास पाणीपुरवठ्याच्या कामावरून कमी करावे. मोहल्ल्यातील खालील सात कुटुंबांस मंगळवारच्या बाजारात बसण्यास जागा देऊ नये. सूचक, श्री. एलोजी...”

इथं माझी जीभ अडली.

“माझं नाव आधीच घातलंस?” मास्तरांनी विचारलं.

“घातलं. गावाच्या ग्रुपवर टाकलंसुद्धा. उद्या रविवारी ग्रामसभा आहे. मास्तर सूचक म्हटल्यावर कुणी तोंड उघडणार नाय. मला ठराव एकमतानं हवाय.”

“पण मीच का?”

भालचंद्र हसला. पाठ केलेला प्रश्न पेपरात आला की हुशार पोराला येतं तसलं हसू.

“मास्तर, तुमचं आणि त्यांचं जगभर वाकडं. टीव्हीवर बघतो की मी. तुम्ही सुचवलंत तर कुणाला वावगं वाटणार नाय.”



“वाकडं होतं खरं,” मास्तर म्हणाले. “हुसेनच्या बापाशी. आंब्याच्या फांदीवरून. नऊ वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.”

“मग?”

“मग एका वादळात फांदी मोडली.”

मला हसू आलं. भालचंद्राला आलं नाही.

“पाण्याचा नमुना तपासायला दिलास?”

“दिला. रिपोर्ट सोमवारी येईल.”

“आणि सभा रविवारी.”

“लोक थांबायला तयार नाहीत, मास्तर. तुम्ही घरात बसून आहात. बाहेर येऊन बघा.”

“विहिरीत विष...” मास्तर स्वतःशीच म्हणाले.

“टाकीत.”

“टाकी नवी आहे. वाक्य जुनं आहे. सातशे वर्षं होत आली. आमच्याच अंगावर बेतून शिवलेलं आहे ते, म्हणून लगेच ओळखू येतं.”

भालचंद्रानं घड्याळात बघितलं. मास्तरांनी त्याला बघताना बघितलं आणि तरीही सुरू केलं. छत्तीस वर्षं घंटेकडे बघणारी पोरं सांभाळलेला माणूस तो.

“युरोपात प्लेग सुरू झाला होता. गावागावात बोलवा उठली की ज्यूंनी विहिरीत विष घातलं. त्याच विहिरींचं पाणी ज्यूही पीत होते, पण ते कुणी विचारात घेतलं नाही. स्ट्रासबर्ग नावाच्या शहरातले पंच म्हणाले, पुरावा दाखवा. लोक म्हणाले, पुरावा कसला मागता? त्यांनी पंचांनाच खाली ओढलं आणि नवे पंच बसवले.”

“पुढं?”

“आठवडा नाही गेला. शहरातले ज्यू गोळा केले आणि जाळले. बायका, पोरं. शेकड्यांनी.”

मास्तर थांबले.

“शनिवार होता.”

...

“आणि प्लेग?” मी न राहवून विचारलं. शिपायानं मध्ये बोलू नये, पण मी त्यांचा विद्यार्थीही होतो.

“तोपर्यंत त्या शहरात आलाच नव्हता, काशीनाथ. नंतर आला.”

भालचंद्रानं पाय बदलला. “मास्तर, ते लोक अडाणी होते. सातशे वर्षांपूर्वीचे. इथं कोण कुणाला जाळतंय? बाजारात बसू नका, एवढंच म्हणतोय आपण.”

“बरं, तो जर्मनीचा धडा आठवतो? ते शिकलेले होते.”

“आठवतो की. त्या पेपरात मला पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. दोन मार्क तुम्ही उगाच कापलेत. अजून सलतंय मला.”

“प्रश्न काय होता?”

“तिथली लोकशाही कशी संपली?”

“तू काय लिहिलंस?”

“एका माणसानं संपवली.”

“बाकीचे सहा कोटी काय करत होते?”

भालचंद्रानं माझ्या हातातल्या बुकाकडे बघितलं.

“ते दोन मार्क त्यांचे होते,” मास्तर म्हणाले. “ठराव करून संपवली ती. मतं मोजून. तुझ्यासारखंच प्रोसिडिंग लिहून.”

“मग काय करू म्हणता?” भालचंद्राचा आवाज चढला. “ठराव नाय आणला तर मला खाली ओढतील. त्या तुमच्या पंचांसारखं!”

“ओढतील.”

“म्हणजे मी जाऊ?”

“खाली ओढलेल्या तिघा पंचांची नावं मला पाठ आहेत. ओढणाऱ्यांपैकी एकाचंही नाही.”

“नावाचं काय लोणचं घालायचंय?” भालचंद्र म्हणाला, आणि म्हणाल्यावर वरमला. पण वरमला तरी माघार घेणारा माणूस नव्हे तो. लगेच सूर बदलून म्हणाला, “मास्तर, तुम्हाला आपल्या गावाची भीती वाटते का हो? इतक्या पिढ्या झाल्या. इथं कुणी तुमच्या लोकांना बोट लावलं? एकदा तरी?”

“नाही. कधीच नाही.”

“बघा!”

“का नाही लावलं, माहीत आहे?”

“आपले लोक चांगले आहेत म्हणून.”

“चांगले आहेत. आणि आणखी एक. आम्हाला इथं राहू द्यायचं की नाही, यावर कुणी कधी हात वर करायला सांगितलं नाही.”

मला वाटलं, जिंकले मास्तर. आता भालचंद्र उठेल, बुक माझ्या हातातून घेईल आणि ते पान फाडेल.

पण तो उठला तो रडवेला होऊन.

“माझी पोर तिथं पडलीय, मास्तर. सहा वर्षांची आहे. तिच्या हाताला शीर सापडत नाय, चार ठिकाणी टोचलंय. मला नको तुमचा इतिहास. मला सही हवीय.” त्यानं माझ्या खिशातलं पेन ओढलं आणि मास्तरांपुढे धरलं.

मास्तरांचा हात पेनाकडे गेला नाही.

“आज वार कुठला?”

भालचंद्रानं कपाळावर हात मारून घेतला. साऱ्या पंचक्रोशीला ठाऊक असलेली गोष्ट तो विसरला होता. शनिवारी मास्तर लिहीत नाहीत. चूल पेटवत नाहीत. दिव्याचं बटणही दाबत नाहीत.

“आम्हा ज्यूंच्या जुन्या न्यायसभेचा एक नियम होता,” मास्तर म्हणाले. “आरोपीच्या जिवावरचा खटला असला आणि सगळ्या न्यायाधीशांनी एकमुखानं त्याला दोषी म्हटलं, तर तो सुटायचा.”

“हे उलटं झालं!”

“तुला एकमत हवंय म्हणालास, म्हणून आठवलं.”

भालचंद्र चपला पायात सरकवू लागला. त्याची पाठ फिरली आणि तेव्हा मास्तर बोलले.

“सूचक मी राहतो. सही उद्या, सभेत. सगळ्यांसमोर.”

भालचंद्र गर्रकन वळला. मास्तरांच्या पायांना हात लावून तो पायऱ्या उतरला.

मी मात्र तिथंच उभा. खरं सांगतो, मला मास्तरांचा संताप आला. एवढं सगळं बोलून शेवटी सही देणार? स्ट्रासबर्गपासून जर्मनीपर्यंत जाऊन आलात आणि गावच्या सभेपुढे वाकलात? मला हे तोंडावर विचारायचं होतं. विचारलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी मीही हात वर करणार होतो. माझी नोकरी सरपंचाच्या हातात आहे. कुणाला नावं ठेवायची माझी काय लायकी?

वाटेत भालचंद्र म्हणाला, “बघितलंस? मास्तरांना आधी इतिहास सांगू द्यायचा. सांगून झाला की ऐकतात.”

रविवारी शाळेचा हॉल गच्च भरला. एरवी ग्रामसभेला कोरम भरत नाही, मला घरोघर फिरून माणसं आणावी लागतात. त्या दिवशी खिडक्यांतसुद्धा माणसं होती. सात घरांतले पुरुष मागं दाराजवळ उभे होते. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही. हुसेननं टाकीच्या खोलीची चावी हातात धरली होती. मागायच्या आधीच देऊन टाकावी, अशा बेतानं आला असावा. आमची नजरानजर झाली आणि मी दुसरीकडे बघितलं.

मास्तर काठी टेकत आले. पुढच्या बाकावर बसले. भालचंद्रानं माईकवर त्यांचं नाव घेतलं, वडीलधारे, गुरुतुल्य, असं बरंच काही म्हणाला. मी प्रोसिडिंग बुक त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी चष्मा लावला. ठराव नीट वाचला. पेन उघडलं. सही करायला किती वेळ लागतो? त्यांना जास्त लागला. मी वाकून बघितलं तर ते सहीच्या वर एक ओळ लिहीत होते. मग सही केली, शाई वाळू दिली आणि बुक माझ्या हातून स्टेजवर भालचंद्राकडे धाडलं.

“वाच.”

भालचंद्रानं खणखणीत आवाजात सुरुवात केली. हुसेनचं काम झालं, बाजार झाला. मग नावं आली. “एक, मुकादम. दोन, दळवी. तीन, काझी...” सात नावं झाली. तो पान उलटायला गेला आणि थबकला.

“पुढं वाच,” मास्तर म्हणाले. “माझं अक्षर लागत नाही का?”

“आठवं...”

“मोठ्यानं.”

“आठवं घर, एलोजी मास्तर.”

हॉलमध्ये एकदम गलका झाला. भालचंद्रानं माईकवर हात ठेवला, पण त्याचा आवाज तसाही सगळ्यांना ऐकू गेला.

“हे काय, मास्तर?”

“यादी अपुरी होती. मी पुरी केली.”

“तुमचा ह्यात काय संबंध?”

“पाण्यात विष घातल्याचा आळ आधी आमच्यावर आला. हे सातजण परवाचे. सेवाज्येष्ठतेनं पहिलं नाव माझं पाहिजे. मी आठवं घेतलं, तेवढी माझी सवलत.”

दोन-चार जण हसले आणि लगेच गप्प झाले.

“मास्तर, असं कसं?” भालचंद्र ओरडला. “तुमच्याविरुद्ध काय पुरावा आहे?”

ओरडला आणि तसाच तोंड उघडं ठेवून उभा राहिला. सगळा हॉल त्याच्याकडे बघत होता. दाराजवळचे सातजणही बघत होते.

...

“मतदान घे,” मास्तर म्हणाले. “सूचक मी आहे. ठराव माझा आहे.”

“मास्तर...”

“घे म्हणतो ना.”

भालचंद्रानं माईक तोंडाशी नेला. “ठरावाच्या बाजूनं जे असतील त्यांनी... त्यांनी हात...”

मास्तर काठीवर जोर देऊन उभे राहिले आणि त्यांनी आपला उजवा हात वर केला.

दुसरा कुणाचा वर गेला नाही.

मी एकेका ओळीवरून नजर फिरवली. सकाळी चहाच्या टपरीवर जे छाती काढून बोलत होते, ते आपल्या गुडघ्यांकडे बघत होते. कुणाला ह्याच माणसानं पाटीवर अक्षर गिरवायला शिकवलं होतं, कुणाची फी माफ करवली होती, कुणाला कान पिळून शाळेत परत आणलं होतं. मी माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही खालीच होते. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं.

मास्तरांचा हात भरून आला. कोपरातून वाकला, त्यांनी परत ताठ केला.

“हात खाली घ्या वो, मास्तर,” बायकांतून धुरपदा म्हणाली. “खांदा दुखंल तुमचा.”

“मोजणी झाल्याशिवाय नाही.”

भालचंद्रानं मोजलं. मोजायला काय होतं त्यात! तरी त्यानं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बघितलं, दारापर्यंत बघितलं.

“एक,” तो म्हणाला.

“बुकात लिही.”

त्यानं लिहिलं. मग माईक न घेताच म्हणाला, “ठराव नामंजूर.”

खिडकीतल्या कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या आणि वाजवताना रडलो, लपवत नाही. आपलं गाव किती चांगलं, असं मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं असणार. भालचंद्र स्टेजवरून उतरला आणि बुक बाकावर ठेवून मास्तरांपुढे वाकला.

“वाचवलंत, मास्तर. गाव वाचवलंत.”

मास्तरांनी हात खाली घेतला होता, पण ते बसले नव्हते. त्यांचा चेहरा मी ओळखत होतो. सहामाहीचे पेपर वाटताना तो असा असायचा.

“टाळ्या बंद करा.”

टाळ्या हळूहळू थांबल्या.

“हात कुणासाठी खाली राहिले?”

दाराजवळ हुसेन तसाच उभा होता. इतक्या टाळ्या झाल्या, पण त्याच्याकडे वळून कुणी बघितलं नव्हतं. चावी अजून त्याच्या मुठीत होती.

“मास्तर, झालं ना आता,” भालचंद्र हळूच म्हणाला. “ठराव पडला. सगळं मिटलं.”

मास्तरांनी बाकावरचं प्रोसिडिंग बुक उचललं, त्याच्या हातात दिलं आणि वर पेन ठेवलं.

“माझं नाव खोड,” ते म्हणाले. “आता परत विचार.”